आवळण्याआधी तपासून घ्या

लघवी करून आल्यावर पँटवर डाग दिसतो म्हणून गडद रंगाचंच कापड शिवायला टाकणारे पुरुष आपल्यात पुष्कळ आहेत. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या मुतारी कुठे आहे ते हेरून ठेवणारे आहेत. एसटी सुटायच्या आधी दोनदा जाऊन येणारे आहेत. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर भजनाला जायचं बंद केलेले आहेत. बसलं की खाली दुखतं म्हणून ऑफिसात उभं राहून काम करणारे तिशीतले तरुणही आहेत. यातल्या प्रत्येकाला वाटतं की हे आपल्या एकट्याचंच दुखणं आहे. वय झालेला म्हणतो, वयामुळे होतंय. तरुण म्हणतो, हे कोणाला सांगायचं?

तर अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. यातल्या बऱ्याच त्रासांवर फिजिओथेरपीचा उपचार आहे. गुडघ्याला, कंबरेला, खांद्याला जशी फिजिओथेरपी असते तशीच ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंनाही असते, आणि ती पुरुषांसाठीही असते. मात्र तिला एक अट आहे. आधी तपासणी, मग व्यायाम. मोबाइलवर व्हिडिओ बघून दुसऱ्या दिवसापासून आवळायला सुरुवात केली तर काहींचं दुखणं वाढतं. ते का, हे समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं आहे.

हे स्नायू कुठे असतात, काय करतात

पुढे लिंगाच्या वर हाताला लागतं ते हाड आणि मागे माकडहाड, या दोहोंच्या मध्ये स्नायूंची एक झोळी ताणून बांधलेली असते. डॉक्टर तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय आणि गुदाशय यांना खालून आधार हिचाच. लघवीची नळी आणि गुदद्वार हिच्यातूनच बाहेर येतात. लघवी धरून ठेवायची, वारा अडवायचा, शौचाची वेळ येईपर्यंत थांबायचं, आणि वेळ आली की सैल सोडायचं, ही कामं हे स्नायू दिवसभर करत असतात. खोकताना, शिंकताना, पाण्याची घागर उचलताना पोटातला दाब एकदम वाढतो. तो पेलायला हे स्नायू क्षणभर आधीच आवळतात. आपल्याला ते कळतही नाही.

पुरुषांत त्यांना आणखी एक काम आहे. लिंगाच्या मुळाशी वेढा घालून बसलेले दोन-तीन लहान स्नायू याच घराण्यातले. ताठरपणा आला की रक्त आत रोखून धरायला ते मदत करतात, वीर्य बाहेर टाकतात आणि लघवी संपल्यावर नळीत उरलेले शेवटचे थेंब ढकलून काढतात.

हे सगळं बायकांचं प्रकरण आहे असा समज का झाला, त्यालाही कारण आहे. आवळण्याच्या या व्यायामाला ज्यांच्या नावावरून केगल म्हणतात, ते अर्नोल्ड केगल अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ होते. त्यांनी 1948 मध्ये आपली पद्धत मांडली ती बाळंतपणानंतर लघवी सुटणाऱ्या बायकांसाठी. पुढे बाळंतिणीला हे व्यायाम सांगायची पद्धत पडली आणि पुरुषांना कोणी सांगेनासं झालं. वास्तविक खालून आवळून वर ओढण्याची क्रिया आपल्याकडे पुरुषांना नवी नाही. हठयोगप्रदीपिकेत मूलबंध आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाच्या वर्णनात तो येतो. पण योग्याचा मूलबंध हा साधनेचा भाग, आणि लघवी सुटणाऱ्या रुग्णाचा व्यायाम हा उपचार. उपचाराला निदान लागतं. योगवर्गात मूलबंध शिकलात म्हणून तुमच्या दुखण्याला तोच लागू पडेल असं नाही.

ढिले की ताठ, हा पहिला प्रश्न

या स्नायूंचे त्रास ढोबळपणे दोन जातींचे असतात. एकात ते कमजोर पडलेले असतात, वेळेवर आवळत नाहीत. दुसऱ्यात ते सतत आवळलेलेच राहतात, सैल सुटत नाहीत. पहिल्याला बळ द्यायचं असतं, दुसऱ्याला सैल व्हायला शिकवायचं असतं. दोन्हींना एकच औषध दिलं तर पहिला सुधारतो आणि दुसरा कळवळतो. लक्षणांवरूनही फसगत होते, कारण सतत आवळलेला स्नायू थकतो आणि ऐन वेळी त्यालाही लघवी धरता येत नाही. म्हणजे लघवी सुटते याचा अर्थ स्नायू ढिलाच आहे असा होत नाही. म्हणून तपासणीचा आग्रह.

प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ती ग्रंथी पूर्ण काढून टाकतात तेव्हा लघवी सुटण्याचा त्रास बहुतेकांना काही काळ होतोच. त्याचं कारण साधं आहे. लघवी अडवायला दोन व्यवस्था असतात. एक मूत्राशयाच्या तोंडाशी, आपोआप चालणारी. दुसरी प्रोस्टेटच्या खाली, आपल्या हुकमातली. ऑपरेशनमध्ये पहिलीला धक्का बसतो आणि सगळा भार दुसरीवर येतो. आजवर दुय्यम काम केलेल्या स्नायूला अचानक पूर्ण जबाबदारी घ्यावी लागते. ऑपरेशनच्या वेळी लघवीसाठी घातलेली रबरी नळी (कॅथेटर) काढली त्या दिवशी तो तयार नसतो, एवढंच.

यातून सावरण्याचा क्रमही बहुधा ठरलेला असतो. आधी रात्री कोरडं राहायला लागतं. मग सकाळ बरी जाते, पण संध्याकाळी स्नायू थकला की गळती वाढते. खुर्चीतून उठताना, खोकताना, वाकताना सुटणं शेवटपर्यंत रेंगाळतं. काहींचं काही आठवड्यांत थांबतं, बहुतेकांचं वर्षभराच्या आत आटोक्यात येतं. शिकवून घेतलेल्या व्यायामाने सुरुवातीच्या महिन्यांतली सुधारणा लवकर होते, हा त्याचा खरा फायदा. वर्षानंतरही गळती जास्तच असेल तर त्यावर शस्त्रक्रियेचे मार्ग आहेत. ते युरोलॉजिस्टला विचारा आणि विचारताना संकोच करू नका.

इथे एक कळकळीची सूचना. हे व्यायाम ऑपरेशनच्या आधी शिकून घ्या. नळी काढल्यावर, टाके ओढत असताना, मन खचलेलं असताना कोणता स्नायू कुठे आहे हे शोधत बसणं कठीण जातं. ऑपरेशनची तारीख ठरली की सर्जनना विचारा, "मला फिजिओथेरपिस्टकडे आधी पाठवाल का?" नळी आत असेपर्यंत मात्र हे व्यायाम करायचे नाहीत. ती निघाल्यावर कधी सुरू करायचे ते सर्जनच सांगतील. तोवर पॅड वापरा, त्यात कमीपणा नाही. दिवसात किती पॅड लागले ते लिहून ठेवलं तर सुधारणा डोळ्यांना दिसते.

वयामुळे प्रोस्टेट नुसती वाढली असेल, धार बारीक झाली असेल, रात्री चार वेळा उठावं लागत असेल, तर तो प्रश्न वेगळा. कुठल्याही व्यायामाने वाढलेली प्रोस्टेट लहान होत नाही. तिथे आधी युरोलॉजिस्टचे उपचार.

नंतर ठिबकणारे थेंब

लघवी झाली, झटकलं, चेन लावली, दोन पावलं चाललं की चार थेंब चड्डीत. हा त्रास पस्तिशीतल्यालाही होतो आणि बहुतेक वेळा तो निरुपद्रवी असतो. लघवीची नळी वृषणांच्या मागे जिथे वळते तिथे थोडी लघवी साठून राहते. तिथला स्नायू सुस्त असला की ती मागाहून गळते. उपाय लगेच करून बघण्यासारखा आहे. लघवी झाल्यावर क्षणभर थांबा. वृषणांच्या मागे, गुदद्वाराच्या पुढे बोटं टेकवा आणि हलका दाब देत पुढे लिंगाच्या मुळाकडे सरकवा. साठलेले थेंब पुढे येतील. सार्वजनिक मुतारीत हे जमणार नाही, तिथे शेवटी एकदा खालून घट्ट आवळून सोडायचं. फिजिओथेरपिस्ट ते नेमकं कसं ते शिकवतात.

ताठरपणाचा प्रश्न

ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्ट ग्रेस डोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताठरपणाची तक्रार असलेल्या 55 पुरुषांवर अभ्यास केला, तो 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम आणि राहणीत बदल, असा त्यांचा उपचार होता. सहा महिन्यांनी 40 टक्के पुरुषांचा ताठरपणा पूर्ववत झाला होता, साधारण एक तृतीयांश लोकांना काही सुधारणा होती आणि बाकीच्यांना फरक पडला नाही. यातून घ्यायचं ते एवढंच, की व्यायाम करून पाहण्यासारखा आहे. हमखास नाही.

पण त्याआधीची गोष्ट जास्त महत्त्वाची. लिंगाच्या रक्तवाहिन्या बारीक असतात. त्यामुळे रक्तवाहिन्यांचा आजार कधी कधी हृदयाच्या आधी तिथे दिसतो. ताठरपणा कमी होऊ लागला असेल तर पहिल्यांदा साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासा आणि हृदयाबद्दल डॉक्टरांशी बोला. तंबाखू आणि सिगारेट सोडा. मधुमेहाने नसांवर परिणाम झाला असेल तर मूत्राशयाचंही काम बिघडतं, तेही सांगा.

न सापडणारं दुखणं

आता दुसरी जात. वृषणांच्या मागे, गुदद्वाराभोवती, लिंगाच्या टोकाशी किंवा ओटीपोटात दुखतं. बसलं की वाढतं. वीर्य गेल्यावर तासन्‌तास ठणकतं. लघवीला सारखं जावंसं वाटतं, पण उभं राहिल्यावर धार सुरू व्हायला वेळ लागतो. काहींना बुडाखाली काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. डॉक्टर प्रोस्टेटला सूज म्हणतात, अँटिबायोटिकचा कोर्स देतात. जरा बरं वाटतं, पुन्हा दुखतं, पुन्हा कोर्स. लघवीच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत, सोनोग्राफी चांगली असते. मग कोणी तरी म्हणतं, "सगळं तुझ्या मनात आहे."

मनात नसतं. प्रोस्टेटायटिस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुखण्यांपैकी फार थोड्यांत जंतू असतात. उरलेल्यांतल्या अनेक पुरुषांत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळून ताठ झालेले सापडतात. दाबलं की नेमकं तेच दुखणं उठतं, असे बिंदू त्यांत असतात. चिंता, ताण, रात्रंदिवस खुर्चीत बसणं, लघवी दाबून ठेवण्याची सवय, एखादा जुना संसर्ग किंवा मार, अशा कुठल्याही कारणाने हे सुरू होऊ शकतं. दुखतं म्हणून माणूस आणखी आवळून बसतो आणि आवळल्याने आणखी दुखतं.

अशा माणसाने व्हिडिओ बघून रोज शंभर वेळा आवळायला घेतलं तर काय होईल, ते सांगायला नको. त्याला लागतो तो सैल होण्याचा अभ्यास. पोटाने खोल श्वास घ्यायचा, म्हणजे श्वास आत जाताना पोट आणि खालचे स्नायू दोन्ही सैल पडतात. मांड्या, कुल्हे आणि कंबर यांचे ताण सोडवणारे व्यायाम करायचे. फिजिओथेरपिस्ट बाहेरून, आणि गरज असेल व तुमची संमती असेल तर गुदद्वारातून बोटाने, त्या दुखऱ्या बिंदूंवर हळुवार दाब देऊन ते सोडवतात. अमेरिकेत 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओटीपोटाच्या अशा जुन्या दुखण्याच्या 47 स्त्री-पुरुषांचे दोन गट केले होते. एका गटाला दर आठवड्याला असा स्नायूंचा उपचार दिला, दुसऱ्याला अंगभर साधं मालिश. पहिल्या गटात 57 टक्के लोकांना चांगली सुधारणा जाणवली, दुसऱ्यात 21 टक्के लोकांना. अभ्यास लहान होता, पण वर्षानुवर्षं अँटिबायोटिक घेणाऱ्या माणसाला दिशा दाखवायला पुरेसा आहे.

जुन्या बद्धकोष्ठाचंही एक कारण इथेच असतं. जोर करताना जो स्नायू सैल पडायला हवा तोच काही जणांत उलट आवळतो. तास तास बसून, चूर्णं घेऊन उपयोग होत नाही. अशांना बायोफीडबॅकने, म्हणजे आपला स्नायू आवळतो आहे की सुटतो आहे हे यंत्राच्या पडद्यावर बघत, नव्याने शिकवता येतं.

पहिल्या भेटीत काय होतं

भीती इथेच असते, म्हणून सगळं सांगतो. पहिला बराच वेळ नुसत्या प्रश्नांत जातो. कधीपासून, किती वेळा, कुठे दुखतं, शौचाला कसं होतं, ऑपरेशनं कुठली, औषधं कुठली, लैंगिक संबंधात अडचण आहे का. प्रश्न खाजगी असतात, पण फिजिओथेरपिस्टना ते रोजचेच असतात. उत्तरं खरी द्या.

मग कंबर, कुल्हे, पोट, श्वास तपासतात. त्यानंतर खालच्या स्नायूंची तपासणी. ती बाहेरून, कधी कपड्यावरूनही होते. पोटावर किंवा वृषणांच्या मागे सोनोग्राफीचा प्रोब ठेवून स्नायू हलतो की नाही हेही बघता येतं. गुदद्वारातून हातमोजा घालून केलेल्या तपासणीत जास्त कळतं, पण ती करायची की नाही हे तुम्ही ठरवायचं. आधी समजावून सांगितलं पाहिजे, तुमची परवानगी विचारली पाहिजे, आणि मधेच "थांबा" म्हटलं की थांबलं पाहिजे. सोबत कोणी हवं असेल तर तसं सांगा. आपल्याकडे फिजिओथेरपिस्टमध्ये स्त्रिया पुष्कळ आहेत. स्त्री असल्या तरी तपासून घ्यायला हरकत नाही. तुम्हाला अवघड वाटत असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच पुरुष थेरपिस्ट मागा. नाही म्हणायला लाज वाटून उपचारच सोडून देऊ नका.

शेवटी तुम्हाला घरी करायचं ते लिहून मिळतं. पुढे आठवड्या-पंधरा दिवसांनी भेटी असतात. स्नायूत बदल दिसायला साधारण तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देऊ नका.

स्नायू कमजोर आहे असं ठरलं, तर

आडवे पडा, गुडघे वाकवा. चारचौघांत वारा सुटू नये म्हणून आवळतो तसं आवळा आणि त्याच वेळी लिंग आत ओढून घेतल्यासारखं करा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठातले पॉल हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्ट्रासाउंडवर पाहिलं आहे की "लिंग आखूड करा" अशी सूचना दिली की लघवीच्या नळीभोवतीचा स्नायू सगळ्यात चांगला कामाला लागतो. आरशात पाहिलं तर लिंग मुळाशी किंचित आत जातं आणि वृषण थोडे वर उचलले जातात. तसं झालं तर बरोबर.

श्वास कोंडायचा नाही. पोट बाहेर ढकलायचं नाही. कुल्हे आणि मांड्या आवळायच्या नाहीत. सुरुवातीला तीन-चार सेकंद धरून तितकाच किंवा जास्त वेळ सोडायचं. सोडणं अर्धवट ठेवू नका, तो व्यायामाचाच भाग आहे. हळूहळू दहा सेकंद धरणं, असं दहा वेळा, मग दहा झटपट आवळणी, दिवसातून तीनदा, अशी सर्वसाधारण मात्रा असते. तुमची मात्रा थेरपिस्ट ठरवतील. आडवं जमलं की बसून, मग उभं राहून, कारण लघवी सुटते ती उभ्याने. खोकला किंवा शिंक येणार असं वाटलं, खुर्चीतून उठायचं असलं, की आधी आवळा, मग खोका, मग उठा. ही सवय लागली की गळती बऱ्याचदा तिथेच अडते असा अनुभव पुष्कळांना येतो.

लघवी चालू असताना मधेच थांबवून रोज सराव करू नका. त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं होण्यात बिघाड होऊ शकतो. आणि व्यायामाने दुखणं सुरू झालं किंवा वाढलं तर लगेच बंद करून कळवा.

आधी डॉक्टर, हे कधी

पुढचं काही असेल तर फिजिओथेरपीची वाट धरण्याआधी डॉक्टर गाठा:

- लघवीतून किंवा शौचातून रक्त, एकदा दिसलं तरी
- थंडी-ताप आणि लघवीला आग
- लघवी पूर्ण अडणे. यात तासाभराचाही उशीर नको
- कंबरदुखीबरोबर गुदद्वार-वृषणांच्या भागात बधिरपणा, पाय लुळे पडणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे. यात तडक मोठ्या रुग्णालयात जायचं
- वृषणात गाठ, किंवा अचानक असह्य वेदना
- कारण नसताना वजन घटणे, हाडं दुखणे

रोजच्या वागण्यात

लघवी सुटते म्हणून पाणी तोडू नका. लघवी कडक झाली की मूत्राशय आणखी चिडतं. चहा-कॉफी मात्र मोजून प्या आणि झोपण्याआधीचे दोन तास टाळा. "आत्ताच जाऊन येतो, नंतर पंचाईत नको" असं म्हणत दर अर्ध्या तासाला जाण्याची सवय लागली की मूत्राशय थोड्या लघवीलाही घाई करायला शिकतं. घाई आली की धावत सुटू नका. थांबा, श्वास घ्या, ओसरू द्या, मग चालत जा.

शौचाला कुंथू नका. कमोडवर बसताना पायाखाली छोटा पाट किंवा स्टूल घ्या म्हणजे गुडघे वर येतात आणि वाट सरळ होते. भारतीय पद्धतीच्या संडासात ते आपोआपच होत असतं. मोबाइल बाहेर ठेवा. जुना खोकला असेल तर त्यावर इलाज करा, कारण प्रत्येक ढास खालच्या स्नायूंवर आपटते. जिममध्ये वजन उचलताना श्वास कोंडू नका. दिवसभर बाइकवर, रिक्षात किंवा कॉम्प्युटरसमोर बसत असाल तर दर तासाभराने उठून दोन मिनिटं चाला. सायकलवाल्यांना खाली बधिरपणा येत असेल तर सीटचा आकार आणि उंची बदलून घ्या.

कोणाकडे जायचं

लोकलच्या डब्यात, बसस्टँडच्या मुतारीत, पुलाच्या भिंतींवर "गुप्तरोग, मर्दानी कमजोरी" असल्या जाहिराती चिकटवलेल्या असतात. या दुखण्यांबद्दल भल्या ठिकाणी कोणी बोलत नाही म्हणून त्यांचा धंदा चालतो. तिथे पैसा जातो आणि त्याहून वाईट म्हणजे खऱ्या तपासणीची वेळ जाते. तिकडे जाऊ नका.

महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या परिषदेकडे असते. तो नोंदणी क्रमांक विचारायचा तुम्हाला हक्क आहे. दुसरा प्रश्न: "पुरुषांच्या ओटीपोटाच्या तळाचे रुग्ण तुम्ही बघता का, त्याचं वेगळं शिक्षण घेतलं आहे का?" सगळेच फिजिओथेरपिस्ट हे काम करत नाहीत आणि चांगला माणूस तसं सरळ सांगतो. मुंबई-पुण्यात असे थेरपिस्ट शोधले तर मिळतात. नागपूर, कराड, लोणी इथेही फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत. त्यांच्या ओपीडीत चौकशी करा. गाव लांब असेल तर पहिली तपासणी प्रत्यक्ष करून घ्या आणि पुढच्या काही भेटी फोनवर किंवा व्हिडिओवर चालतील का ते विचारा.

आता घरच्यांना दोन शब्द. वडील बाहेर जायचं टाळू लागले, बाथरूममध्ये फार वेळ लावू लागले, चड्ड्या स्वतःच धुऊन वाळत घालू लागले, तर "बाबा, लघवीचा काही त्रास होतोय का? डॉक्टरकडे जाऊन येऊ," असं मुलाने सरळ विचारावं. चेष्टा नको, सगळ्यांसमोर नको. नवरा जवळ यायचं टाळतो तेव्हा त्याचं दुखतंय का, हे पत्नीने एकदा विचारून बघावं. आणि युरोलॉजिस्ट डॉक्टरांना विनंती, की प्रोस्टेटच्या ऑपरेशनच्या कागदांत फिजिओथेरपिस्टच्या नावाची चिठ्ठीही घाला. रुग्ण ती स्वतःहून मागणार नाही, कारण असं काही असतं हेच त्याला माहीत नसतं.

ज्याला यातलं काही लागू आहे त्याने उद्यापासून तीन दिवस एक वही करावी. किती वाजता काय आणि किती प्यायलो, किती वाजता लघवीला गेलो, कधी सुटली, त्या वेळी काय करत होतो, कुठे दुखलं. मग ती वही घेऊन आधी आपल्या डॉक्टरांकडे जा आणि दारातून आत शिरल्यावर हवापाण्याच्या गप्पांत वेळ न घालवता पहिलंच वाक्य बोला: "मला लघवी सुटते," किंवा "मला खाली दुखतं," किंवा "ताठरपणा येत नाही." पुढचं विचारायचं काम त्यांचं. आवळायचं की सैल सोडायचं, हे तपासणीत ठरेल. तोवर आवळायला सुरुवात करू नका.